पानाचा अर्थ सांगायचा नसतो

रविवार, ३० नोव्हेंबर. सकाळ.

आज जाग आली ती त्या आवाजाने. आवाज आता नाही, हे मला माहीत आहे. पितळी शिंगं फुंकणारी ती म्हातारी मंडळी केव्हाच केळीच्या बागांत पुरली गेली. पण माझ्या लहानपणी आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, म्हणजे नाताळच्या चार आठवडे आधी, उजाडायच्या आत, चर्चच्या टेकाडावरून ते सूर धुक्यातून खाली उतरायचे. सगळे एका सुरात आणि फ्राएलीआजोबा दरवर्षी अर्धा सूर खाली. आई चुलीपाशी म्हणायची, ऐक, देव घरून निघाला. मी विचारायचो, पोचणार कधी? ती म्हणायची, नाताळला. चढण आहे रे बाबा, वेळ लागतो.

यंदाचा आगमनकाळ वाया घालवणार नाही. संकल्प केले आहेत. केळ्यांची म्बेगे नाताळपर्यंत बंद. घरी गाळलेली असो की शेजाऱ्याकडची, दारू ती दारूच. रोज पहाटे उठणे. आगमनावर दीर्घ कविता लिहून नाताळला चर्चमध्ये वाचणे. आणि सर्वांना क्षमा करणे.

सर्वांना म्हणजे सर्वांना. मला डावलून मुख्याध्यापक झालेल्या त्या गृहस्थाला. आक्काला, तिच्या जिभेबद्दल. आणि माझ्या मुलाला, एलिरेहेमाला. त्याने यावं, रीतीप्रमाणे इसालेचं पान हाती धरून दारात उभं राहावं. ते पान पुढे करून माफी मागणाऱ्याला आमच्या डोंगरावर कुणी नाही म्हणत नाही. मी तर त्याला वाकूही देणार नाही. क्षमेचं छोटंसं भाषण तयार आहे. शेवटचं वाक्य म्हणताना मलाच भरून आलं.

सोमवार, १ डिसेंबर.

पहाटे उठलो नाही. उठणारच होतो, पण धुकं इतकं की पहाट झाली हे कळायला मार्ग नव्हता.

कवितेची पहिली ओळ सुचली:
दार उघडे, वात तेवते, कोण चढण ही चढते?
उत्तम. वर्गात असतो तर फळ्यावर लिहून पोरांकडून मोठ्याने म्हणवून घेतली असती. दुसरी ओळ उद्या.

संध्याकाळ. म्बेगे घेतली. एकच, भोपळ्याच्या तुंब्यातून. शेजारी स्वतः घेऊन आला होता. आगमनकाळात कुणाचं मन मोडणं बरं नव्हे.

बुधवार, ३ डिसेंबर.

आक्का आली होती. माझी थोरली बहीण, आइकांदे. खाली ओढ्याच्या वळणावर तिचं सासर. तिथून चढून येते, धाप लागते, पण बोलणं थांबत नाही. म्हणाली, अनाएली, अख्ख्या किलिमांजारोवर लोक घरं रंगवताहेत, दार-एस-सलामहून पोरंबाळं यायची आहेत, आणि तुझ्या अंगणात शेवाळ. म्हणाली, एलिरेहेमाचा मला फोन येत असतो. बायको सरोवराकडची आहे, पोर गुणाची आहे, दिवस गेलेत तिला. मी म्हटलं, मला कुणी कळवलं नाही. ती म्हणाली, तू विचारलंस कधी? मी पावसाचा विषय काढला. नंतर तिला क्षमा केली.

तीन वर्षांपूर्वी एलिरेहेमा निघून गेला, त्या नाताळची हकिकत कुणी धड सांगत नाही, म्हणून इथे नोंदवतो. मांका गेली त्या वर्षीचा नाताळ. बायको नसलेल्या घरातला पहिला बोकड. नातलग जमले, केळीच्या पानांवर ज्याच्या त्याच्या मानाचे वाटे मांडले, आणि थोरला मुलगा हजर नाही. म्हणे वाटेत बस बिघडली. मी किती थांबायचं? थोरल्याचा वाटा उचलला आणि भाच्याला दिला, आक्काच्या गॉडलिसनला, जो आमच्या कुळाचासुद्धा नाही. म्हणालो, ज्याला बाप आठवतो तोच थोरला. सगळ्यांचे हात पानांवरच थांबले. वाक्यच तसं होतं. तेवढ्यात बघतो तर एलिरेहेमा दारात, हातात पिशवी. त्याने पिशवी उंबऱ्यावर ठेवली आणि आल्या वाटेने खाली उतरला. मांसाच्या एका तुकड्यासाठी माणूस बापाला सोडतो, याला काय म्हणावं.

पिशवीत माझ्यासाठी स्वेटर होता. बरा बसतो. इथे थंडी असते म्हणून वापरतो, एवढंच.

गुरुवार, ४ डिसेंबर.

आंघोळ करताना एकदम उलगडा झाला. तो येत का नाही? कारण दार-एस-सलामला इसालेचं झुडूप मिळणार कुठे? समुद्रकाठची रेताड जमीन ती. पोराला क्षमा मागायची आहे, पण हाती पान नाही. आणि मी इथे त्याला हट्टी समजत बसलो.

लगेच कात्री घेऊन बागेत गेलो. मांकाच्या थडग्याभोवती लावलेल्या इसालेचं एक पान कापलं, लांब, तजेलदार, डाग नसलेलं. बरं झालं तीही बघत होती, असं वाटून गेलं.

गॉडलिसन दर आठवड्याला केळ्यांचा ट्रक घेऊन दार-एस-सलामला जातो. त्याच्या हाती पान दिलं. म्हटलं, एलिरेहेमाला दे. गॉडलिसन पानाकडे बघत राहिला. म्हणाला, मामा, तुम्ही पाठवताय? म्हटलं, मग काय पाद्रीबाबा पाठवतायत? म्हणाला, सोबत काही निरोप? मी हसलो. म्हटलं, चाळीस वर्षं कविता शिकवली मी. पानाचा अर्थ सांगायचा नसतो.

त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. ट्रक चालवून माणसं हळवी होतात.

रविवार, ७ डिसेंबर.

आगमनाचा दुसरा रविवार. दर रविवारी एक, तशी दुसरी मेणबत्ती लागली. पश्चात्तापाचा उतारा वाचायचा मान माझ्याकडे होता. आवाज चांगला लागला. वाकड्या वाटा सरळ करा, असं म्हणताना मी मुद्दाम त्या मुख्याध्यापकांकडे पाहिलं. ते झोपले होते.

पण बाकीच्यांवर परिणाम फार झाला. बाहेर पडल्यावर लोक हात हातात घ्यायला रांगेने आले. पाद्री शायोंनी तर मिठी मारली. म्हणाले, मास्तर, या वयात हे करायला मोठं मन लागतं. म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढलाय, पण सवय आहे. ते म्हणाले, नम्रतासुद्धा शिकावी तर तुमच्याकडून.

एका वाचनाचं इतकं कौतुक कधी झालं नव्हतं. घरी येऊन आरशासमोर पुन्हा वाचून पाहिलं. चांगलंच आहे.

बुधवार, १० डिसेंबर.

गॉडलिसन परतला. त्याच्याकडून अक्षर अक्षर खणून काढावं लागलं. एलिरेहेमा गॅरेजमध्ये कामावर होता. पान हातात घेतलं आणि एका जुन्या टायरवर बसला. मग विचारलं, बाबांनी स्वतः कापलं? गॉडलिसनने सांगितलं, आईच्या थडग्यावरचं आहे. त्यावर त्याने तोंड फिरवलं. मग घरी जाऊन बायकोला म्हणाला, बॅग काढ, आपण डोंगरावर जातोय.

येतोय.

हे लिहिताना पेन दोनदा हातातून सुटलं. थंडीने.

म्बेगे घेतली. आनंदाची वेगळी मोजायची असते.

शुक्रवार, १२ डिसेंबर.

अंगणातलं शेवाळ खरवडलं. घराला चुना दिला, समोरच्या भिंतीपुरता. बाजूच्या भिंती येणाऱ्याला दिसत नाहीत. बोकड आणून बांधला. नवी रजई आणली, निळी. मांकाने निळीच घेतली असती. तिची ताटं काढून घासली. सुनेला मासे लागत असतील, सरोवराकडची ना. इथे मासे कुठले? सुक्या बोंबलासारखं काहीतरी बाजारात मिळतं, ते आणलं. मांजराने नेलं.

मुलगा झाला तर नाव सुचवायचा मान माझा. दोन-तीन नावं काढून ठेवली आहेत, सगळी यमकात बसणारी. मुलगी झाली तर मांका. त्यावर चर्चा नाही.

दुसरी ओळ सुचत होती, पण चुन्याचे हात होते.

रविवार, १४ डिसेंबर. दुपार.

काय लिहू.

तिसरी मेणबत्ती लागली. पाद्री शायो प्रवचनाला उभे राहिले. म्हणाले, आपल्याच मंडळीत एक वृद्ध पिता आहे. त्याने मुलाचा अपमान केला होता, सगळ्या कुळासमोर. आणि या आगमनकाळात त्याने स्वतः वाकून, मध्यस्थाच्या हाती, मुलाला इसालेचं पान पाठवलं. बापाने मुलाची क्षमा मागितली. असं या डोंगरावर किती वेळा घडलंय, आठवा.

मी मान वळवून वळवून शोधत होतो, कोण हा थोर माणूस. म्हटलं, भेटून अभिनंदन करावं. शेजारच्या बाकावरची म्हातारी माझ्याकडे बघून डोळे पुसत होती. मग पलीकडच्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि थोपटला.

तेव्हा कळलं.

सगळ्या डोंगराला ठाऊक होतं. मिठ्या, रांगा, मोठं मन, सगळं त्यासाठी. मध्यस्थाच्या हाती पाठवलेलं पान म्हणजे माफीच, दुसरा अर्थ होत नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत. मीच कसा विसरलो? विसरलो नाही. मी एका उदात्त हेतूने रीत किंचित वळवली होती. कवीला तेवढी मुभा असते.

पण अपमान मी केला? मी?

सोमवार, १५ डिसेंबर.

रात्रभर विचार करून वाक्य तयार केलं. गैरसमजावर नातं उभं राहू नये. सत्यावर उभं राहावं. आगमनकाळ सत्याचा असतो.

अव्होकाडोच्या झाडाखाली रेंज मिळते. तिथे उभं राहून एलिरेहेमाला फोन लावला. तीन वर्षांनी आवाज ऐकला. तो म्हणाला, बाबा. नुसतं बाबा म्हणाला आणि थांबला. मागे गर्दीचा आवाज होता. म्हणाला, तिकिटाच्या खिडकीपाशी आहे. माझं वाक्य मी नीट म्हटलं, अडखळलो नाही. म्हटलं, ते पान मी माफी मागायला पाठवलेलं नाही, तू मागायला यावंस म्हणून पाठवलंय. येताना ते घेऊन ये.

मागे कुणीतरी मोठ्याने गाड्यांची नावं पुकारत होतं. मग तो म्हणाला, बरं.

म्हटलं, जपून ये. फोन बंद झाला होता. रेंज जाते कधी कधी.

मन हलकं झालं. स्पष्ट बोलल्याने माणसं जवळ येतात.

बुधवार, १७ डिसेंबर.

"बरं" या शब्दावर विचार चालू आहे. एकच शब्द, पण छटा किती. होकार. समजूत. आज्ञापालन. लहानपणी आंघोळीला बोलावलं की म्हणायचा, बरं, तसंच. त्यानंतर मात्र आंघोळीला येत नसे, झाडावर चढून बसायचा. मांका खाली उभी राहून हाका मारायची. मी कधी मारली नाही. बापाने हाका मारत फिरणं शोभत नाही.

आक्काला फोन केला. उचलला नाही.

शुक्रवार, १९ डिसेंबर.

आज दिवसभर खालच्या रस्त्यावर गाड्या थांबताहेत. शहरातले बूट, शहरातलं हसू, गाद्या, टीव्ही, कोंबड्या. हरएक वाटेवरून कुणीतरी वर चढतंय आणि हरएक अंगणातून कुणीतरी खाली धावतंय. मी खुर्ची दाराशी आणून बसलो होतो. वाचत होतो. पुस्तक कुठलं ते आता आठवत नाही.

शेजाऱ्याने विचारलं, मास्तर, तुमचा कधी? म्हटलं, उद्या. सून जपून आणावी लागते.

शनिवार, २० डिसेंबर.

उद्या.

रविवार, २१ डिसेंबर.

चौथी मेणबत्ती. लावायची जबाबदारी माझी होती. काडी पेटली नाही, पुन्हा पेटली नाही, मग पाद्री शायोंनी माझ्या हातातून हळूच काडेपेटी काढून घेतली. चर्च खचाखच भरलं होतं. मी बाहेर आलो तेव्हा घोळक्यातलं बोलणं बंद पडलं. गॉडलिसनने मला पाहिलं आणि बुटाची नाडी बांधू लागला. त्याच्या पायात चपला होत्या.

आज रांग नव्हती.

घरी आलो. रजईची घडी मोडून पुन्हा घातली.

मंगळवार, २३ डिसेंबर.

आक्का आली. बसली नाही. उभ्यानेच सांगितलं. एलिरेहेमा शनिवारपासून माझ्याकडे आहे. बायकोसुद्धा.

मी म्हटलं, वाट चुकला असेल.

ती म्हणाली, अनाएली, तुला लाज नाही का रे? पोरगं पान छातीशी धरून निघालं होतं. तिकीट काढताना तुझा फोन आला. तरी आला तो, बायकोने ओढून आणला. माझ्या दारापर्यंत आला आणि म्हणाला, आत्या, याच्या वर मला वाट नाही. सगळी पोरं आपापल्या बापाच्या घरी उतरली, माझा भाचा आत्याच्या पडवीत झोपतोय. आणि तू इथे अर्धा चुना लावून बसलायस.

म्हटलं, चढायला किती लागतं? इतक्या जवळ आलाय तर यावं त्याने वर.

ती म्हणाली, उतरायला त्याहून कमी लागतं.

तिला क्षमा करायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

बुधवार, २४ डिसेंबर.

सकाळी ओढ्याच्या पाटाला पाणी सुटलंय का बघायला खाली गेलो. पाट पाहणं गरजेचं असतं. आक्काच्या कुंपणाच्या अलीकडे जरा थांबलो. अंगणातून तो बोलत होता. आवाज जाड झालाय, पण वाक्याच्या शेवटी अजून तसाच खाली येतो. कुणाला तरी सांगत होता की वर आमच्या घराशी उभं राहिलं की किबो शिखराचा माथा किती स्वच्छ दिसतो. आईने त्याला तिथे उभं करून स्वतःचे दात मोजायला शिकवलं होतं, एका दाताला एक बर्फाचा ढीग. ती हसली, ज्या कुणाला सांगत होता ती.

पाटाला पाणी होतं. परत आलो.

दुसरी ओळ सुचली आहे, लिहिणार नाही. चांगली नाही.

गुरुवार, २५ डिसेंबर. दुपार.

नाताळ. चर्चला गेलो नाही. टाय सापडेना. कवितेचं कुणी विचारलं असेलसं वाटत नाही.

बोकड बांधलेलाच आहे. त्याला पाला घातला. एकटा माणूस बोकड कापत नाही. वाटे करायचे कुणाकुणाचे?

चारी बाजूंच्या अंगणांतून धूर वर येतोय. पोरं ओरडताहेत. दार उघडं ठेवलंय, हवा खेळती राहावी म्हणून.

थोड्या वेळाने.

कुणीतरी आलं. पावलं ऐकली तसा केस बसवले, स्वेटर खाली ओढला, पुस्तक हातात घेतलं. भाषण मनात पहिल्या शब्दापासून सुरू केलं.

दारात एक बाई. ओळखीची नाही. पोट पुढे आलेलं, चपला हातात, पाय चिखलाने घोट्यापर्यंत भरलेले. वाटलं चर्चची वर्गणी. म्हटलं, उद्या या. ती चौकटीला हात टेकून श्वास घेत राहिली. मग म्हणाली, मी मिन्झा. म्हटलं, कोण मिन्झा? म्हणाली, तुमची सून.

माझं भाषण मुलासाठी होतं. सुनेसाठी त्यात एकही वाक्य नाही.

ती म्हणाली, त्याला सांगून आले नाही. तो खाली वळणावरच्या दगडावर बसलाय सकाळपासून. वर येत नाही, आत्या जेवायला बोलावते तर तिकडेही जात नाही. उद्या पहाटेची आमची बस आहे. म्हणाली, बाबा, आमच्या सरोवराकडे ही पानाबिनांची रीत नाही. कुणी कुणाला काय द्यायचं असतं ते मला कळत नाही, आणि खरं सांगू, आता कळून घ्यायची ताकदही नाही. मला एवढंच सांगा, तुमच्या अंगणातून हाक मारली तर खाली वळणावर ऐकू येते का?

म्हटलं, वारा नसला तर येते.

ती म्हणाली, वारा नाहीये.

मी म्हटलं, बस बाळ. चहा टाकतो.

हे स्वयंपाकघरात उभ्याने लिहितोय. ती बाहेर खुर्चीत बसली आहे, दाराकडे तोंड करून. चहा उकळून उकळून काळा झालाय. आत्ताच तिने विचारलं, बाबा, काही सापडत नाहीये का? म्हटलं, साखर शोधतोय.

साखरेचा डबा काखेत आहे. आणखी थोडा वेळ शोधतो.